रिकामा पाय

आमच्या घराचा संडास अंगणाच्या पार टोकाला होता. दोन खोल्या, मग मागचं दार, दाराबाहेर दगडी पायऱ्या, नळ, कपडे धुवायची फरशी आणि त्यापलीकडे भिंतीला टेकून न्हाणी आणि संडास. हातीपायी धड माणसाला हे अंतर म्हणजे काहीच नाही. पण ऐंशीचं दशक संपत आलं असताना एक उन्हाळा असा आला, की माझं सगळं जगणं त्या अंगणात येऊन अडकलं.

माझ्या सासऱ्यांना लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता. 'हलका' हा डॉक्टरांचा शब्द. ज्यांच्या घरी तो येत नाही त्यांना तो हलका वाटतो. बोलणं शाबूत राहिलं, हात शाबूत राहिले, डावा पाय तेवढा परका झाला. उभं राहिलं की तोल जायचा. एकदा नळापाशी पडले, तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं की कुणाचा तरी हात धरल्याशिवाय यांना चालू द्यायचं नाही. कुणाचा तरी म्हणजे माझाच. नवरा बल्लारशाच्या बाजूला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि रविवारी संध्याकाळी पिशवी उचलून निघायचा. नणंद कॅनडात नर्स. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्हाला मूल नव्हतं, तो विषय वेगळा.

आणि मी टेलिफोन ऑपरेटर. नागपुरात, सदर भागातल्या ऑफिसात ड्यूटी, कधी सकाळची, कधी दुपारची. कानावर हेडफोन चढवून दिवसभर लोकांशी गोड बोलायचं, त्यांनी खेकसलं तरी गोडच बोलायचं. घरी येईपर्यंत गोडवा संपलेला असायचा. भाजीवालीशीसुद्धा भांडण व्हायचं, आणि चूक बहुतेक वेळा माझी असायची.

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, लग्नानंतर मी हात लावला तो फक्त पाया पडताना. आमच्याकडे पद्धतच तशी. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या खाटेवर बसायचं नाही. तेही खोलीत येण्याआधी बाहेरून खाकरायचे, म्हणजे मी सावरून बसावं. इतकी वर्षं आम्ही दोघं असे एकमेकांपासून अंतर राखून, पण चांगले राहिलो होतो. आणि आता मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अंगणातून नेत होते, दाराशी पाठ करून उभी राहत होते, आणि आतून आवाज आला की परत आणत होते. जाताना ते भिंतीकडे बघायचे, मी नळाकडे. एक शब्द आम्ही बोलायचो नाही. खोलीत भांडं ठेवून पाहिलं होतं. ते त्यांनी उजव्या पायाने खाटेखाली सरकवलं आणि पुन्हा त्याकडे पाहिलंही नाही. आतल्या मोरीवर भाजी-तांदूळ धुतात, तिथेही त्यांनी नाहीच म्हटलं.

मे महिना सुरू झाला आणि त्यांना ताप आला, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "नागपूरच्या उन्हाळ्यात हा माणूस दिवसभरात किती पाणी पितो?" मला सांगता येईना. ड्यूटीवर जाताना मी त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवत होते. परत आल्यावर तो भरलेलाच असतो, हे मला दिसत होतं. पण दिसणं आणि त्यावर विचार करायला अंगात जीव असणं, या दोन गोष्टी आहेत.

घरी येऊन मी विचारलं, "मामाजी, पाणी काहून नाही पीत तुम्ही?"

"मले तहान नाही लागत वं."

"बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत तहान नाही लागत?"

ते कूलरकडे बघत म्हणाले, "पाणी पेलो का जा लागते. अन् जा लागलं का तुले बोलवा लागते."

कापडगिरणीत आयुष्यभर मागावर उभा राहिलेला माणूस. त्याला मेला तरी चालणार होतं, पण सुनेला हाक मारायची नव्हती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. त्यांना लाज होती, तशी मलाही होती. पण लाजेपायी पाणी सोडून आजारी पडायची चैन मला परवडणारी नव्हती.

नवऱ्याने ताईला, म्हणजे कॅनडातल्या नणंदेला, हे सगळं फोनवर कळवलं. फोन मीच लावून दिला होता, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. ताई म्हणाली, मी एक व्हिडिओ कॅसेट पाठवते. आमच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांना हा चिनी व्यायाम शिकवतात, त्याने तोल सुधारतो. नवरा एकदम खूश झाला. भावाबहिणींमध्ये हे असं असतं. तिने कॅसेट पाठवली, त्याने आनंदाने हो म्हटलं, आणि व्यायाम करवून घ्यायचा मी.

कॅसेट कुणाच्या तरी सामानातून आली. वरती इंग्रजीत 'ताई ची' लिहिलेलं. नवरा म्हणाला, "बघ, ताईचीच आहे." रविवार होता, ड्यूटी नव्हती, म्हणून मी हसले.

टीव्ही आमच्याकडे होता, काळापांढरा, सरकत्या दाराच्या लाकडी पेटीतला. व्हीसीआर नव्हता. पण आमच्याच गल्लीत एक सिंधी भाऊ राहायचे, त्यांची जरीपटका भागात व्हिडिओ लायब्ररी होती. त्यांचे ट्रंक कॉल मी कधीमधी लवकर लावून द्यायचे, त्यामुळे माझा शब्द त्यांना मोडवेना. मशीन संध्याकाळी भाड्याने जायचं, दुपारी ते घरीच पडून असायचं. भाऊ स्वतः ते रुमालात गुंडाळून घेऊन आले, वायरी जोडल्या, कॅसेट टाकली. आधी चित्र नुसतं खालून वर सरकत राहिलं. मागची एक कळ फिरवत फिरवत त्यांनी ते थांबवलं.

एक म्हातारी चिनी बाई, पांढरे कपडे, बागेत उभी. बोलत काही नव्हती. बासरीसारखं एक लांबलचक संगीत चाललं होतं. तिने हात वर उचलायला सुरुवात केली. आम्ही वाट पाहिली. हात अजून वर चाललाच होता. मग तो खाली यायला लागला. मग तिने एक पाऊल उचललं, आणि ते जमिनीला टेकेपर्यंत मी उठून कुकरखालचा गॅस बंद करून परत आले.

मामाजी म्हणाले, "हे बाई झोपेत करून राहिली काय?"

आमच्या तिघांच्याही मनात एकदमच आलं, व्होल्टेज. वर पंखा बघितला, तो पाती मोजता येतील असा फिरत होता. दुपारची वेळ, साऱ्या वस्तीचे कूलर सुरू, ट्यूबलाइट नुसती फडफडत होती. नागपुरात मे महिन्यात जे काही बिघडतं ते व्होल्टेजमुळे बिघडतं. मिक्सर रडतो, फ्रीज थरथरतो, पाण्याची मोटर घुं घुं करत बसते. तशी ही बाईही.

"लाईन कमजोर आहे," मामाजींनी निकाल दिला.

"मशीन एकदम ओके है, भाभीजी," भाऊ म्हणाले. "लाईट डाऊन है ना, इसलिए टेप धीरे चलती है. देखो, म्युझिक भी खिंच रहा है." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरचा स्टॅबिलायझर आणून लावला. बाई तशीच. स्टॅबिलायझरचा लाल दिवा लागला होता आणि काटाही व्यवस्थित होता, पण बाईला काही फरक पडला नाही. तेव्हा भाऊंनी कॅसेट विदेशी असल्याचा दोष काढला. विदेशातली वीज वेगळी असते, तिथली टेप इथे सुस्त पडते. हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं, की विचारायची सोय राहिली नाही. मग त्यांना एक बटण आठवलं. ते दाबलं की टेप दुप्पट वेगाने पळते. आवाज जातो, चित्रावर दोन पट्टे येतात, पण माणूस माणसासारखा हलतो.

आणि खरंच, बाई माणसासारखी हलायला लागली. हात गर्रकन फिरवले, कमरेत वळली, पाय टाकला, दुसरा टाकला. मामाजी खाटेवर सरसावून बसले. "हां. आता ठीक आहे," म्हणाले.

मग आम्ही शिकलो. मी ड्यूटीवरून यायचे, चप्पल काढायचे, पदर खोचायचे आणि टीव्हीसमोर उभी राहायचे. ते खाटेच्या काठाला धरून माझ्या शेजारी. बाई करायची तसं मी करायचे, मी करायचे तसं ते करायचे. माझे पाय दुखायचे, मान आखडलेली असायची, आणि मी मनातल्या मनात ताईला, चीनला आणि व्हिडिओ लायब्रऱ्यांना शिव्या घालत असायचे. पण मामाजींना ते आवडायला लागलं होतं. मागावरच्या कामाचा त्यांच्या अंगात एक झपाटा होता, तो त्या पळणाऱ्या बाईशी बरोबर जुळला. खाट सोडून हात फिरवायला लागले. एक दिवस म्हणाले, "पुढच्या हप्त्यापासून तू नको येऊ अंगणात. मी जाईन." ते असं म्हणाले तेव्हा पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. मी मान डोलावली. मला त्यांच्यापेक्षा जास्त घाई होती.

त्याच हप्त्यात ते पडले. बाई वळली, मी वळले, ते वळले, आणि डावा पाय मागेच राहिला. खाटेच्या कोपऱ्यावर भुवई आपटली. रक्त खूप आलं. मी पदराने दाबून धरलं, डोक्यावर पदर उरला नाही, आणि ते तशाही अवस्थेत डोळे मिटून तोंड फिरवायला बघत होते. वर पडद्यावर बाई भराभरा हात फिरवतच होती. डॉक्टरांनी टाके घातले आणि मला विचारलं, यांना नाचवत होतात की काय. ते नाचासारखंच होतं.

त्यानंतर मामाजींनी सगळंच सोडलं. व्यायाम सोडला, पेपर वाचणं सोडलं. पाण्याचा घोट जबरदस्तीने घ्यायचे, तोही औषधाच्या गोळीबरोबर. "आता मले नाही करायचं," म्हणाले. "जे व्हायचं ते होऊ दे. तुले तरी कितीक दिवस हे कराचं?" हाच प्रश्न मी रोज बसमध्ये स्वतःला विचारत होते. त्यांनी मरावं असं मला वाटत नव्हतं. पण हे सगळं संपावं असं वाटत होतं, आणि या दोन गोष्टींमध्ये फट फार थोडी होती. त्या फटीत मी राहत होते.

भाऊंचं मशीन परत करायचं होतं. सकाळची ड्यूटी करून मी घरी आले. मामाजी झोपले होते. जेवायचाही कंटाळा आला होता, म्हणून भिंतीला टेकून खाली बसले आणि उगाच मशीन सुरू केलं. बटण दाबायला हात उचलवेना. बाई आपल्या मूळ चालीने, कासवासारखी, हात उचलत होती. मी तिच्याकडे बघतही नव्हते. डोळे उघडे होते आणि ते तिच्या मागे बागेतल्या वाटेवर टेकले होते, इतकंच.

त्या वाटेने एक माणूस कुत्रा घेऊन आला. माणूस माणसासारखा चालत होता. कुत्रा झाडापाशी थांबला, वास घेतला, तंगडी वर केली आणि निघाला. कुत्र्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. ना कमी, ना जास्त.

मी उठून टीव्हीजवळ गेले. टेप मागे घेतली. पुन्हा माणूस आला, पुन्हा कुत्रा. मग ते बटण दाबून पाहिलं. आता माणूस मागे पोलीस लागल्यासारखा पळाला, कुत्र्याने तंगडी वर केली न केली तोच खाली. आणि बाई आमच्या ओळखीच्या झपाट्याने हात फिरवत होती.

म्हणजे लाईन ठीक होती. मशीन ठीक होतं. विदेशातली वीजही ठीक होती. बाई मुद्दामच हळू करत होती.

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते सांगता येणार नाही, पण आवाज करून आलं, आणि मामाजी जागे झाले.

"काय झालं वं?"

"मामाजी, बाई हळूच करते. ते तसंच कराचं असते. आपणच तिले पळवून राहिलो होतो."

त्यांनी कपाळावरच्या पट्टीला हात लावला. बराच वेळ बाईकडे बघत राहिले. "एवढं हळू?" म्हणाले. "काहून?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, करून पाहू.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ते खाटेचा काठ धरून उभे होते.

हळू करणं किती कठीण असतं हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पहिल्यांदा मला वाटलं, मी चिडून ओरडेन. मागे भाजी करपतेय, कपडे भिजत पडलेत, आणि मी एक हात उचलतेय. हळू करायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे नेमका तोच नव्हता. एकदा तर त्या बासरीवर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. मामाजींनी खाकरून जागं केलं. पूर्वी खोलीत येताना खाकरायचे, तसंच.

पण त्या हळूपणात बाई काय करते हे दिसायला लागलं. पळताना ते कधी दिसलं नव्हतं. ती पाय टाकायची, पण त्यावर भार टाकायची नाही. पाय नुसता जमिनीवर ठेवायची, रिकामा. तो नीट बसला की मगच अंगाचा भार त्याच्यावर सरकवायची. मग मागचा पाय रिकामा व्हायचा. तो उचलायचा, पुढे रिकामाच ठेवायचा. आम्ही दोघं त्याला रिकामा पाय म्हणायला लागलो. मामाजींचा डावा पाय मुळातच परका. त्यावर ते एकदम भार टाकायचे आणि तो दगा द्यायचा. आता आधी तो पाहुण्यासारखा टेकवायचे, बसू द्यायचे, मग विश्वास टाकायचे.

भाऊ आठवड्यातून दोन-तीन दुपारी मशीन देत राहिले. टेप हळूच चालवा असं मी म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात मला वेड्यात काढलं असावं, पण त्यांचा उल्हासनगरचा कॉल लवकर लागत होता, म्हणून अडवलं नाही. बाकीचे दिवस आम्ही आठवून करायचो. सगळी कॅसेट आम्हाला कधीच आली नाही. बाई पुढे पुढे एका पायावर उभी राहायची, ते आमचं काम नव्हतं. सुरुवातीचे चार हात आणि चालणं, एवढंच आम्ही घोकलं. पावसाळा झाला, गणपती बसले, उठले. माझी तब्येत सुधारली नव्हती. पाठ धरली होती, केस गळत होते, ऑफिसात एकदा चुकीच्या माणसाला चुकीच्या माणसाशी जोडून मेमो घेतला. अजूनही दिवसातून किती वेळा मी अंगणात त्यांच्या काखेत हात घालून जात होते. फक्त आता ते माझ्या हातावर रेलत नव्हते, आणि हे आम्ही दोघंही ओळखून होतो, पण बोलायला धीर होत नव्हता.

दिवाळीच्या आधीच्या एका सकाळी मी मागच्या पायऱ्यांपाशी बसून भांडी घासत होते. ते दारात आले. मी हात पुसत उठायला लागले.

"बस," म्हणाले. "अन् इकडे पाहू नको."

मी भांड्यांकडे बघत बसले. पहिली पायरी. पाय ठेवल्याचा आवाज, मग काही नाही, मग भार आल्याचा आवाज. एवढा वेळ एका पायरीला लागू शकतो हे मला माहीत होतं, तरी मी तेच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिले. ते माझ्याजवळून गेले. नळ मागे पडला. फरशी ओली होती, ती मी पुसायला हवी होती. फरशीवर ते खूप वेळ उभे राहिले. मग कडी वाजली.

मला वाटलं होतं, आनंद होईल. त्याऐवजी हातातलं पातेलं खाली पडलं आणि मी रडायला लागले. कशासाठी ते मलाच कळेना. इतके महिने मी थकले होते, पण थकायला सवड नव्हती. आता कुणी माझा हात धरून उभं नव्हतं, तर सगळा थकवा एकदम येऊन अंगावर बसला. राखेचे हात, तोंडावर पदर, मी तिथे पायरीशी हमसून हमसून रडत होते, आणि ते परत येताहेत हे मला कळलंही नाही.

ते समोर येऊन उभे राहिले. घामाने भिजले होते. मी उठायला गेले तर उठवेना, पुन्हा खाली बसले. मग ते पाय जरा फाकवून नीट उभे राहिले आणि हात पुढे केला. माझ्या सासऱ्यांनी, मला.

मी हात धरला. पण भार टाकला नाही. सगळा जोर स्वतःच्याच गुडघ्यांवर घेऊन, नुसता हात धरल्यासारखं करून उठायला लागले. त्यांना ते लगेच समजलं.

"असं नको करू," ते म्हणाले. "पूर्ण जोर दे वं. नाही पडत मी."

मी जोर दिला. आधी थोडा, मग सगळा. ते हलले नाहीत.